दोन करवंट्या

मामांइतका न्यायी माणूस मी अख्ख्या रत्नागिरीत पाहिला नाही, आणि त्यांनाच मी भर बैठकीत लबाड म्हटलं. तेव्हाचा माझा खणखणीत आवाज आठवला की आजही अंगावर काटा येतो.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. पूर्णगडच्या अलीकडे आमच्या वाडीतल्या पोफळीच्या बागांना एकाच पाटाचं पाणी, आणि ते वाटायचे मामा. भोक पाडलेली करवंटी घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एकाची पाळी संपली. तोवर मामा शिंकसुद्धा आवरून धरत. माझ्या लग्नातही ते घंगाळ घेऊनच मांडवात बसले. ऐन मंगलाष्टकांत त्यांनी पाटावरच्या गड्याला आरोळी ठोकली, "बुडाली हो!" माझे सासरे मटकन खालीच बसले.

पुढे वाडीनं व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, पाटात पाणी चढवायला तेलाचं इंजिन बसवलं. मुंबईची नोकरी करून आलेला म्हणून मी चिटणीस. मी जाहीर केलं, "आता घड्याळ. प्रत्येकाला बरोबर एक तास."

"जावईबापू, तुमचं घड्याळ कधी पाटानं चालत गेलंय काय?" मामा म्हणाले. सगळे हसले. मी मात्र डूख धरला.

घंगाळ ताब्यात घ्यायला गेलो, तर मामांच्या फडताळात दुसरी करवंटी! भोक पहिलीहून बारीक. म्हणजे बुडायला दुप्पट वेळ. ती फक्त काशीकाकूंच्या पाळीला, असं पाटावरच्या गड्यानं सांगितलं. काकू विधवा, एकट्या, बाग पाटाच्या शेवटाला. मी हादरलोच. बैठकीत दोन्ही करवंट्या आपटून विचारलं, "काकूंवरच एवढी मेहेरबानी का? ही लबाडी आहे, मामा!" दारातल्या काकूंनी मान खाली घातली. मामा उठून गेले.

वैशाखात मी पहिल्यांदाच पाण्याबरोबर पाटानं चालत गेलो. पाटातल्या जांभ्या दगडाच्या भेगा घटाघटा पाणी पीत होत्या. काकूंच्या बागेत पोचलं ते बोटभर. निम्म्या पोफळी वाळल्या होत्या. उरलेल्यांना काकू तांब्यानं पाणी घालत होत्या.

"संपली का हो माझी पाळी?" त्यांनी विचारलं.

घड्याळात तास भरत आला होता.

तसाच मामांकडे धावलो. "मामा, तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारायला आला होतात होय?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा बैठक बोलावली. बारीक भोकाची करवंटी मामांच्या हातात दिली, आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "मामा लबाड नव्हते. पाट न बघता मी पाणी वाटलं. मामा, काकू, माझं चुकलं."