मागचा जिना

त्या पाथरवटाला सगळे ठिगळ्या म्हणत, आणि तो खुशाल ओ देई. जुन्या इमारतीचा दगड फुटला की बाकीचे नवा मागवायचे; हा पठ्ठ्या मात्र फुटलेलाच उराशी धरून बसायचा. खराब झालेला तेवढाच भाग कापून तिथे दुसरा तुकडा असा बसवायचा की सांधा नखालाही लागू नये. हट्टी म्हणावा तर महाहट्टी, पण काम बघितलं की नावं ठेवणाऱ्याचं तोंड आपोआप बंद व्हायचं.

जुन्या इस्पितळाच्या दुरुस्तीवर त्याला घेतलं, तेव्हा मागचा दगडी जिना पाडून नवा बांधायचं ठरलं होतं. पायऱ्या भिंतीच्या बाजूला इतक्या झिजल्या होत्या की पाय घसरायचाच. याच जिन्यावरून धुणं धुणाऱ्या बायका ओल्या कपड्यांच्या टोपल्या गच्चीवर न्यायच्या, वाळलेल्या खाली आणायच्या. एका हातानं कमरेवर टोपली, दुसरा हात भिंतीला. त्याची आई त्यांतलीच. देणगीदारांची नावं इमारतीत जागोजागी कोरलेली होती. या बायकांची खूण म्हणाल तर ही झीज, बस. ती जाणार म्हटल्यावर तो तडक कामावरच्या इंजिनीअरबाईंकडे गेला.

"पाडू नका बाई," तो म्हणाला. "दगड उलटे घालतो. खालची बाजू कोरी असते. झीज पोटात राहील, पण राहील तरी. जिना पक्का होईल, हा माझा शब्द."

बाईंनी त्याच्या शब्दावर वरिष्ठांशी भांडून नवा जिना रद्द करून घेतला. आणि पहिलीच पायरी पहारीनं उलटली, तर खालची बाजूही तशीच झिजलेली. दुसरीची तीच गत, तिसरीचीही. ही युक्ती कुणीतरी फार पूर्वीच करून गेला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"ठिगळ्या, आता दगडाची तिसरी बाजू शोध," गवंडी म्हणाला, आणि सगळे हसले.

तोही हसला. मग त्यानं त्या खळग्यावरून हात फिरवला. वरची बाजू आईच्या पिढीनं झिजवली, म्हणजे ही त्यांच्याही आधीच्या बायकांची. त्यांची आठवण काढणारं तर आता कुणीच उरलं नसेल. त्याला फार वाईट वाटलं.

इंजिनीअरबाई आल्या, बघितलं, आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "आता वरच्यांना मी काय सांगू?"

"सांगा, उशीर होईल. पण होईल."

"आणि कुणाचा पाय घसरला तर?"

"तर खुशाल पाडा. मी आडवा येणार नाही."

सगळा उन्हाळा तो त्या जिन्यावर ओणवा होता. पायऱ्या त्यानं आलटूनपालटून बसवल्या: एकीची आईच्या पिढीची बाजू वर, दुसरीची त्यांच्या आधीच्यांची. प्रत्येक खळगा थोडा खोल कोरून त्याच आकाराच्या तुकड्यानं भरला. आणि जन्मभर सांधे लपवणाऱ्या या माणसानं तुकडे घेतले ते फिक्या दगडाचे. याची नजर गेली, असं गवंड्यानं जाहीरच करून टाकलं.

"रंग जुळत नाही हो," इंजिनीअरबाई म्हणाल्या.

"जुळवलाच नाही. बायका कुठून चालायच्या ते दिसू दे की."

बाई जिना चढल्या, उतरल्या, टाच आपटून पाहिली, पुन्हा चढल्या. मग त्यांनी मंजुरी दिली. असं काम आयुष्यात एकदा हातून व्हावं, बाकी काही नाही झालं तरी चालेल.

जिना खुला झाल्यावर तो आईला घेऊन आला. म्हातारी मागच्या दाराशीच थांबली.

"हा नंतर," ती म्हणाली. "पुढचा दाखव आधी. आम्हाला त्यावर पाऊल ठेवू देत नव्हते."

एवढ्या वर्षांत हे तिनं कधी सांगितलं नव्हतं, त्यानंही विचारलं नव्हतं. तो तिला वळसा घालून पुढे घेऊन गेला. ती पायऱ्यांच्या मधोमध चढली, सावकाश, दम खात. वर पोचल्यावर छताकडे बघून म्हणाली, "बरा आहे." मग दोघं आतून मागच्या जिन्याकडे आले आणि उतरू लागले. काही पायऱ्यांनंतर ती एका फिक्या तुकड्यावर थबकली.

"काय झालं आई? गुडघा दुखतोय?"

"नाही रे. टोपलीशिवाय इथून कधी उतरलेच नाही. हा हात कुठे ठेवायचा तेच कळेना."

"दे इकडे," तो म्हणाला.