अक्कांची सोळा वर्षांची नात

वर्गणी भरलेली असूनही अक्का पुस्तक चोरल्यासारखं न्यायच्या. टेबलावर नोंद झाली की पुस्तक आधी पदराखाली, तिथून पिशवीत, त्यावर मेथीची जुडी आणि मेथीवर घडी केलेलं कन्नड वर्तमानपत्र. एवढं झालं की दारात उभं राहून धारवाडातल्या मळमड्डीचा रस्ता दोन्ही बाजूंना न्याहाळायच्या आणि मग पायरी उतरायच्या. आधी मला वाटलं, घरात कुणाचा वाचनाला विरोध असेल. पण अक्का एकट्याच राहायच्या. विरोध करायला घरात कुणी नव्हतंच.

शाळेतली नोकरी सोडल्यापासून मी घराच्या पुढच्या खोलीत एक छोटं वाचनालय चालवते. मराठी पुस्तकं, कन्नड पुस्तकं, थोडी इंग्रजी. अक्का म्हणजे हुबळीच्या बाजारातल्या खण-साड्यांच्या एका जुन्या दुकानाच्या मालकीण. त्यांच्या सासऱ्यांचे वडील मिरजेकडून आलेले. नवरा लवकर गेला तेव्हा गादीवर त्या स्वतः बसल्या. बाजारात त्यांचा असा दरारा होता म्हणतात, की उधारी मागायला आलेला माणूस आधी त्यांचा चेहरा बघायचा आणि मग साखरेचा भाव विचारून परत जायचा. सत्तरी जवळ आली तसं दुकान पुतण्याला देऊन त्या धारवाडला, आमच्या पलीकडच्या गल्लीत येऊन राहिल्या. आमच्या भागातल्या जुन्या बायका बोलतात तसं त्याही स्वतःबद्दल ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलायच्या. मला ‘तंगी’ म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण.

“तंगी, नातीला पुस्तक पायजे,” पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या.

“वय काय तिचं?”

“सोळा.”

मी त्यांना किशोर कादंबऱ्यांचं कपाट दाखवलं. त्यांनी एकेक पुस्तक काढून पान अंगठा आणि बोट यांच्यात धरून चोळून बघितलं, खणाचा पोत बघावा तसं. एक नेलं. त्या आठवड्यात परत आल्या, दुसरं नेलं. नातीला वाचनाची फारच गोडी दिसली. मला बरं वाटलं.

पुस्तक परत करताना नातीचं मत त्या कधी विसरायच्या नाहीत. “नात म्हणत होती,” अशी सुरुवात, आणि पुढं जे यायचं ते ऐकायला मी हातातलं काम बाजूला ठेवायची. एका कादंबरीत एका मुलीला पंख फुटतात आणि ती छळणाऱ्या मामाच्या घरातून उडून जाते. मुलांमध्ये त्या पुस्तकासाठी भांडणं व्हायची. अक्कांनी ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, “नात म्हणत होती, पंख फुटले की पोरीची सोय होते का लिहिणाऱ्याची? पंख नसलेली पोरगी त्या घरात काय करती, ते लिही म्हणावं.” दुसऱ्या एका पुस्तकातल्या देखण्या, समजूतदार नायकाबद्दल त्यांचं एकच वाक्य होतं, “या पोराला घाम येत नाही.”

शेवटांवर त्यांचा विशेष राग. शेवटच्या पाच पानांत सगळे एकमेकांना समजून घेतात, आजारी बरे होतात आणि रुसलेले हसतात, अशी कादंबरी असली की त्या पुस्तक दोन बोटांनी लांब धरायच्या. “हा शेवट मापानं शिवलेला नव्हे. रेडिमेड आणून चढवलाय. खांद्यात बघ, कसा ताणलाय.”

मात्र कादंबरीत आई असली की नातीचं मत बदलायचं. आईची बाजू ती हटकून घ्यायची. आईनं सायकल विकली म्हणून घरातून निघून गेलेल्या एका मुलीची गोष्ट होती. अक्का तावातावानं म्हणाल्या, “आईनं काय गावभर फिरू द्यावं होय? बाजारात तोंड आईला दाखवायचं असतं.” मी हसून म्हटलं, “अक्का, सोळा वर्षांची मुलगी असं म्हणाली?” त्या वर्तमानपत्राची घडी पुन्हा घालत बसल्या. जाताना मात्र तेच पुस्तक परत पिशवीत टाकलं. “नीट वाचलं नाही तिनं,” एवढंच म्हणाल्या.

वर्ष उलटून गेलं. नातीची दहावी नाही, अकरावी-बारावीची पीयूसी नाही. ती आपली सोळाचीच राहिली. माझ्या ते लक्षात यायला हवं होतं. पण मी तिच्या मतांवर इतकी खूश होते की रविवारी वाचनालयात जमणाऱ्या मुलांना ती मतं सांगायची, आणि मुलं विचारायची, ही मुलगी आहे कोण? शेवटी एका संध्याकाळी, खोलीत चार-पाच माणसं असताना, मी मोठ्या आवाजात म्हटलं, “अक्का, या रविवारी नातीला घेऊनच या. सगळे तिची वाट बघतायत.”

पुस्तक चाळणाऱ्या एका बाईंनी मान वर केली. त्या हुबळीच्या, अक्कांच्या दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक. “नात?” त्या हसत म्हणाल्या. “अय्य, अक्का, तुमच्या शैलाचं लग्न कधी केलं? आम्हाला कळवलंसुद्धा नाही!”

अक्कांच्या हातात पुस्तक होतं. ते त्यांनी टेबलावर पालथं ठेवलं, मुखपृष्ठावरची रिबिनीतली मुलगी खाली जाईल असं. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. “मी येतो,” म्हणाल्या आणि पिशवी तिथंच टाकून निघून गेल्या. त्या बाईंना काही उमगलं नाही. नात नव्हतीच, हे मला तेव्हा कुठं उमगलं, आणि जिभेला चटका बसल्यासारखं झालं.

त्या परत आल्याच नाहीत. काही दिवस वाट बघून मी पिशवी घेऊन त्यांच्या घरी गेले. दार उघडलं, पण आत या म्हणायला त्यांना वेळ लागला. चहा पुढ्यात ठेवून खिडकीकडं बघत म्हणाल्या, “तुला वाटलं असंल, म्हातारीला चळ लागलाय. पोरींची पुस्तकं वाचती.”

“नाही हो, अक्का. त्यात लाजण्यासारखं काय आहे?”

“लाजायचं ते नव्हेच. शैला माझी पोरगी. एकुलती. सोळाची होती. कॉलेजातल्या एका पोराच्या स्कूटरवर बसून उणकल तळ्यावर गेलती. चुरमुऱ्याची गिरमिट खाल्ली आणि परत आली, एवढंच. पण माझ्या कानावर ते बाजारातनं आलं. ती दुकानात पाय ठेवली तवा गादीवर गिऱ्हाईक बसलेलं, नोकर उभे. मी कापडाची कात्री घेतलो आणि तिची वेणी कापलो. इथनं.” त्यांनी स्वतःच्या मानेला हात लावला. “ती रडली नाही, तंगी. खाली पडलेली वेणी उचलली, गादीवर माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, ‘मोजून घे.’”

“मग?”

“मग काय. समोरची बाई खण बघत होती. मी तिला दुसरा रंग दाखवलो.”

चहावर साय धरली होती.

शैला पुढं शिकायला बेळगावला गेली आणि तिथंच राहिली. एका दवाखान्यात लोकांच्या आखडलेल्या सांध्यांना व्यायाम देते. लग्न केलं नाही. “सणाला येती, पाया पडती,” अक्का सांगत होत्या. “फोन करती. ‘औषध घेतलंस?’ ‘घेतलो.’ संपलं. त्या दिवसाचं एक अक्षर काढत नाही. शिव्या दिली असती तर बरं झालं असतं. माझं सोळाव्या वर्षी लग्न झालं बघ. सोळाची पोरगी मनात काय करती, मला ठाऊकच नाही. या वयात विचारू कुणाला? तुझ्याकडं त्या वयाचं कपाटच होतं.”

मी म्हटलं, “हे शैलाला सांगा.”

“कुठल्या तोंडानं?”

त्यानंतरच्या रविवारी मुलांची बैठक भरली असताना अक्का आल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. मुलं ज्या कादंबरीवर बोलत होती तिच्यात आई मुलीचा विश्वासघात करते आणि शेवटी तिला मिठी मारून माफी मागते. मुलांना शेवट आवडला होता. एक मुलगी म्हणाली, “मला रडूच आलं. आईनं सॉरी म्हटलं, मग सगळं नीट झालं.”

अक्का उठून उभ्या राहिल्या. आवाज बाजारातला नव्हता, बारीक होता. “मला नात नाही,” त्या म्हणाल्या. “नातीच्या नावानं बाई सांगत होत्या ती मतं माझी. या पुस्तकातली आई मी चांगली वळखतो, म्हणून सांगतो. आईला रडू आलं म्हणून पोरीनं लगेच मिठी कशाला मारायची? माफ करणं म्हणजे काय पोरीला दिलेला होमवर्क आहे? आईला जड झालंय, ते आईनं उचलावं.” एवढं बोलून त्या खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला. कुणी हसलं नाही. ती रडू आलेली मुलगी वळून त्यांच्याकडं बघत राहिली.

मला वाटलं, आता सुटल्या. त्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्याच आठवड्यात त्यांनी बेळगावला फोन लावला. काय ठरवलं होतं ते मला नंतर कळलं. चार माणसांत केलं ते चार माणसांतच फेडायचं, म्हणून शैलाला हुबळीच्या दुकानात बोलवायचं आणि गिऱ्हाइकांसमोर, नोकरांसमोर तिची माफी मागायची. दुसऱ्या दिवशी वाचनालयात येऊन त्यांनी ते सगळं सांगितलं.

“काय म्हणाली?”

“म्हणाली, ‘आई, तुला हलकं वाटावं म्हणून मला परत त्या गादीपुढं उभी करू नकोस.’” अक्कांनी माझा हात धरला. “बरोबर बोलली. मुलांपुढं एवढं शहाणपण सांगून आलो, आणि घरी जाऊन तेच केलो. त्या पुस्तकातल्या आईपेक्षा मी वाईट. इतकी लाज मला वेणी कापलो त्या दिवशीसुद्धा वाटली नव्हती.”

मी त्यांना पाणी दिलं. फोन तिनं ठेवून दिला का, असं विचारलं.

“नाही. ठेवली नाही. म्हणाली, ‘हे तुझ्या डोक्यात आलं कुठनं?’ मी म्हणालो, पुस्तकातनं. म्हणाली, ‘कसलं पुस्तक?’” अक्कांनी पेला खाली ठेवला. “मग मी तिला गोष्ट सांगितलो. सगळी. ती ऐकली.”

तिथून पुढं अक्का न्यायच्या ते पुस्तक शैलासाठी असायचं. रोज संध्याकाळी आठ वाजता फोन, आणि वाचलेलं तिला सांगायचं. माफीचा विषय पुन्हा निघाला नाही. माझ्याकडं यायची ती दोघींची मतं, आणि ती क्वचितच जुळायची. सायकलवालीची कादंबरी त्यांनी तिसऱ्यांदा नेली तेव्हा म्हणाल्या, “शैला म्हणती, ती पोरगी घर सोडली ते बरोबर. मी म्हणालो, हौदु, बरोबर. मग म्हणती, पण परत आली ते चूक.” चष्मा काढून पुसत राहिल्या. “त्यावर मी काय बोलू? गप्प ऐकलो.” ऐकण्याची ही सवय त्यांना उतारवयात लागली, आणि ती सोपी नव्हती. काही संध्याकाळी शैला पुस्तकातल्या आईला असं काही बोलायची की दुसऱ्या दिवशी अक्कांचे डोळे सुजलेले असायचे. तरी आठ वाजता फोन असायचाच.

पुस्तक पिशवीत लपवणं तेव्हा थांबलं. हातात धरून जायच्या. रस्त्यात कुणी विचारलं तर सांगायच्या, “माझंच आहे. पोरींचंच पुस्तक आहे.” मान मात्र खालीच असायची. लाज गेली होती असं मी म्हणणार नाही. ती लपवायची नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं.

गेल्या संक्रांतीनंतर अक्का झोपेतच गेल्या. तेराव्यानंतर शैला वाचनालयात आली. पंचेचाळिशीची, उंच, केस मानेपर्यंत कापलेले. अक्कांकडं राहिलेलं पुस्तक तिनं टेबलावर ठेवलं. निम्म्यात एक खणाचा तुकडा खूण म्हणून घातलेला होता. तो तिनं काढून घेतला नाही, मीही काढला नाही.

मी चहा केला. ती बाकावर बसली. सांत्वनाचं म्हणून मी काहीतरी म्हटलं, की शेवटी शेवटी तुमच्या दोघींमधलं सगळं मिटलं, अक्का समाधानानं गेल्या.

“मिटलं नव्हतं,” शैला शांतपणे म्हणाली. “मी तिला माफ केलं नाही. तिनं मागितलंही नाही परत. तिला माहीत होतं.” तिनं कप खाली ठेवला. “पण आठ वाजले की मी हातातलं काम टाकून फोनपाशी बसायची. अजून बसते.”