माफ झालेलं कर्ज भरणारी बाई

मंदाताई गेल्या त्या दिवशी मी शाळेत होते. परिपाठ नुकताच संपला होता, पोरं वर्गात शिरत होती आणि पर्समधला फोन काही केल्या थांबत नव्हता. पल्लवीचा, म्हणजे ताईंच्या मुलीचा फोन. "मामी... आई उठून नाही राह्यली," एवढंच ती म्हणाली. जानेफळला ताईंचं लग्नाच्या मंडपाचं काम होतं. लग्न आदल्या दिवशी आटोपलं होतं, सकाळी माणसं मंडप उतरवत होती. ताई गुंडाळलेल्या सतरंज्यांवर टेकल्या, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं. खरं सांगते, मला आधी रागच आला. छातीत दुखतंय म्हणून या बाईनं आयुष्यात एकदा तरी कुणाला सांगावं की नाही! आता महिना उलटून गेला, पण तो राग अजून पुरता उतरलेला नाही.

मंदाताई माझ्या मोठ्या नणंद. धाड या गावी त्यांचं बिछायत केंद्र आहे. मंडप, सतरंज्या, गाद्या, स्वयंपाकाची मोठाली भांडी भाड्यानं देणाऱ्या दुकानाला आमच्याकडे असंच म्हणतात. दुकान सुरू केलं ते दाजींनी, म्हणजे ताईंच्या नवऱ्यानं, पण त्यांना दम्यानं गाठलं आणि खांब मोजण्यापासून नवरीच्या बापाशी भांडण्यापर्यंत सगळं ताईंच्या अंगावर आलं. बाई बुटकी, पण आवाज असा की मंडपाच्या या टोकाहून त्या टोकाला हाक गेलीच पाहिजे. नवी नवरी होऊन मी या घरात आले तेव्हा त्या आवाजाला टरकले होते. त्यांच्या ते लक्षात आलं. "भेऊ नको वं सुनीता, माहा आवाजच तसा हाये," असं त्या त्याच आवाजात म्हणाल्या आणि मी आणखी घाबरले. पुढे मीही काही कमी नाही हे त्यांना कळलं, आणि मग आमचं छान जमलं. चिडले की माझीही वऱ्हाडी सुटते, आणि ताईंसमोर मी बऱ्याचदा चिडलेलीच असायची.

त्यांना सामान वाहायला नवी गाडी घ्यायची होती. फायनान्स कंपनीला पगारदार जामीनदार हवा होता. आमच्या भागात घरात एक जण नोकरीला लागला की तो अख्ख्या गोतावळ्याचा जामीनदार होतो. त्याला कुणी विचारत नाही. साडी नेसताना निऱ्या धरायला बोलवावं तितक्या सहज "एक सही पायजे होती" म्हणतात. जिल्हा परिषदेची शिक्षिका म्हणजे तर हक्काचीच. कंपनीचा माणूस चिखलीला आमच्या घरी आला, मी त्याला पोहे दिले आणि तो दाखवेल तिथं सह्या करत गेले. वाचलं काहीच नाही. नणंदेच्या कागदावर भावजय चष्मा लावून बसली असती तर जन्मभर ऐकावं लागलं असतं, ते वेगळंच!

मग लॉकडाऊन आला. लग्नं घरातल्या घरात, मोजक्या माणसांत उरकू लागली. कुणाला मंडप नको, गादी नको, भांडी नकोत. हप्ते थकले, कंपनीची माणसं येऊन गाडी ओढून घेऊन गेली आणि तरीही बाकी राहिलीच. अखेर कंपनीनंच सुचवलं की एवढे एकरकमी भरा, उरलेलं माफ. ताईंनी गळ्यातली पोत सोडून बाकीचं सोनं मोडलं, पैसे भरले आणि एसटीनं पेढ्यांचा पुडा घेऊन थेट चिखलीला आल्या. "फिटलं वं कर्ज!" आधी देवापुढे पेढा ठेवला, मग आम्हाला भरवला, वर शेजारीपाजारीही वाटले. मीसुद्धा दोन खाल्ले. कर्ज फिटलं म्हणून इतकी खूश झालेली ती बाई अजून डोळ्यांसमोर येते.

पुढे आम्ही चिखलीत प्लॉट घेतला आणि घरासाठी मी बँकेत गेले. साहेबांनी संगणक माझ्याकडे वळवला. "मॅडम, तुमचं सिबिल बसत नाही. तुम्ही जामीन आहात ते खातं सेटल झालेलं दिसतंय." मी म्हटलं, "मग चांगलंच आहे की, झालं ना सेटल!" त्यांनी मला समजावून सांगितलं. पूर्ण भरलेलं कर्ज बंद म्हणून दिसतं, आणि तडजोड करून थोडं सोडून दिलेलं सेटल म्हणून. दुसरं दिसलं की बँका दचकतात. कर्जदारालाही दारात उभं करत नाहीत आणि जामीनदारालाही नाही. ज्या बाईनं कधी भाजीवाल्याचे सुटे पैसेसुद्धा राहू दिले नाहीत, तिला बुडवणाऱ्यांच्या रांगेत बसवलं! त्या तिरमिरीत मी चिखलीतल्या दिसेल त्या बँकेत अर्ज केला. प्रत्येकानं माझं खातं उघडून पाहिलं, आणि एवढ्या ठिकाणी कर्ज मागते म्हणजे हिची नड मोठी, असा अर्थ निघून सिबिलचा स्कोअर आणखी घसरला.

मग मी धाड गाठलं. बाजाराचा दिवस होता. ताई अंगणात स्वयंपाकाचा भलामोठा गंज, म्हणजे पातेलं, घासत बसल्या होत्या. मी दारातूनच सुरू केलं, "ताई, तुमच्या पेढ्यांनी माहं घर खाल्लं!" त्यांना आधी काहीच कळेना. मी कडाकडा बोलत सगळं सांगितलं. गंजावरचा त्यांचा हात थांबला.

"म्हंजे माह्या कर्जाचा डाग तुह्या नावाले लागला?"

"लागला."

"अन तो निंगते कसा?"

"माफ केलेले पैसे भरले तर निघतो म्हणे..." हे मी रागाच्या भरात म्हटलं होतं. माफ झालेले पैसे कोण भरतं? ताईंनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "मंग भरू. चाय ठेवतो, बस."

त्या खरंच बुलडाण्याला कंपनीच्या कचेरीत गेल्या. मी सोबत होते. तिथला पोरगा हसला, "मावशी, माफ झालं ते. घरी जा निवांत." ताई म्हणाल्या, "माफ काऊन? म्या काय गुन्हा केला? भरतो म्हनून राह्यली ना मी, हिशेब सांग." माफ केलेलं परत कसं घ्यायचं हे तिथं कुणालाच सांगता येईना. वरून विचारावं लागेल, पुढच्या आठवड्यात या, म्हणाले. ताई गेल्या. परत गेल्या. डबा घेऊन कचेरीतल्या खुर्चीवर बसून राहायला लागल्या, जेवायची वेळ झाली की तिथल्या पोरांनाही भाकरी द्यायच्या. शेवटी वरून मंजुरी आली, पैसे भरले की 'काही येणे नाही' असं पत्र देऊ आणि खातं पूर्ण बंद दाखवू म्हणून. गावात हसू झालं. लोक माफीसाठी मोर्चे काढतात आणि ही माफी परत करायला निघाली, म्हणे. ताईंनी एकाला माझ्यासमोर सुनावलं, "लोकाइचं लोक पाह्यतील. भावजय माही हाये."

गाडी तर गेलेली. ट्रॅक्टरची ट्रॉली भाड्यानं लावून त्यांनी दोन मोसम काढले. लग्न, बारसं, तेरवी, कीर्तन, एकाही कामाला नाही म्हटलं नाही. प्रचारसभेवाल्यांकडून मात्र आधी पैसे, मग खांब. माणूस कमी पडला की पदर खोचून स्वतः सतरंज्या उचलायच्या. मी म्हणायची, ताई, जरा दमानं घ्या. त्यावर त्या म्हणायच्या, "तुहं घर होऊ दे, मंग बसतो पाय पसरून." याच सुमारास चिखलीत मला एक जण भेटला. एवढे द्या, महिन्याभरात सिबिल साफ करून देतो, म्हणाला. मी वैतागलेली, जवळपास देणारच होते. सहज ताईंच्या कानावर घातलं तर फोनवरच कडाडल्या, "अवं, असे डाग निंगत असते तं म्या सतरंज्या नसत्या का धाडल्या त्याच्याकडे?" मी हसले आणि पैसे वाचले.

सगळी रक्कम भरून झाली, पत्र हातात आलं, तरी स्कोअर काही एका दिवसात उठून बसला नाही. बँकेतल्या साहेबांनी सल्ला दिला की एखादं छोटं कर्ज घ्या आणि वेळेवर फेडून दाखवा. घरातला फ्रिज चांगला चालत असताना मला हप्त्यावर नवा फ्रिज घ्यावा लागला. हे ऐकून ताईंना हसू आवरेना. "म्हंजे उधारी केली नाही त पत नाही? माय वं! कोनाच्या डोक्यातून निंगालं असंन हे?" पण दर महिन्याला हप्त्याच्या तारखेला फोन यायचाच. कापला का? कापला म्हटलं की फोन ठेवून द्यायच्या. तब्येतपाणी विचारायलाही थांबत नसत.

मागच्या वर्षी कर्ज मंजूर झालं. मी ताईंना फोन केला तेव्हा पलीकडून काही आवाजच येईना. मला वाटलं रेंज गेली... रडत होत्या. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, आणि रडणं असं बिनआवाजाचं. घर बांधून झाल्यावर आल्या, सगळीकडे हिंडल्या, भिंतींवरून हात फिरवला आणि स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "ओटा ठेंगना केला बाप्पा. कंबर जाईन तुही." त्यावरून आम्ही तासभर भांडलो. ती बाई मला फार फार आवडायची. हे इथं लिहिते, कारण तोंडावर असलं काही बोलायची आमची रीत नव्हती. भांडायची होती, ती आम्ही मनापासून पाळली.

गेल्या रविवारी धाडला गेले होते. सामानाच्या खोलीत अजून सगळं त्यांच्याच पद्धतीनं लावलेलं आहे, लांब खांब मागे, भांडी एकात एक, ओल्या सतरंज्या दाराजवळ. दाजी खुर्चीवर बसून होते. पल्लवीनं धंदा हातात घेतलाय. ट्रॉलीचं भाडं परवडत नाही म्हणून तिनं बँकेत गाडीसाठी अर्ज केला होता, पण तो तसाच पडून होता. तिच्या नावावर आजवर कसलंच कर्ज नाही, त्यामुळे बँकेला जामीनदार हवा होता. दोन-तीन ठिकाणी विचारून ती थकली होती. आता राहू देते म्हणाली.

"मला का नाही विचारलं?"

ती सतरंजीची घडी नीट करू लागली. "आईनं सांगून ठेवलं होतं. काही झालं तरी मामीची सही घ्याची नाही म्हने... मामीनं लय भोगलं."

माझं डोकंच सणकलं. "तुह्या आईनं एवढी वणवण करून माहं नाव परत आणून देलं," मी म्हटलं, "ते काय कपाटात ठेवाले? आन इकडे तो जामिनाचा कागद."

तिनं कागद आणला. तिथंच सतरंज्यांवर बसून मी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. पल्लवी रडायला लागली.

"रडशील मंग," मी म्हटलं. "आधी हप्त्याची तारीख कोन्ती हाये ते सांग."