चंद्रपूरच्या परिषदेतला माझा चुकलेला प्रश्न

नागपूरहून सकाळची एस.टी. पकडली, तेव्हा मला वैद्यकीय शिक्षणाला लागून जेमतेम चार महिने झाले होते. वरोऱ्याच्या अलीकडे कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरांमागे गाडी अडकली आणि चंद्रपूरला सिकलसेल (ज्यात रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात तो आजार) परिषदेच्या सभागृहात मी उशिरा, घामाघूम पोचले.

पहिल्या दोन भाषणांतलं मला काहीच कळलं नाही. शेजारी एटापल्लीकडच्या परिचारिका शकुनबाई बसल्या होत्या. माझी कोरी वही पाहून त्या हळूच म्हणाल्या, "मले बी सगळं नाई समजून राह्यलं, पोरी."

तेवढ्यात व्यासपीठावरचे ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, की खेड्यातले रुग्ण मध्येच गोळ्या सोडतात. शकुनबाई पुटपुटल्या, "सोडत नाईत जी, पावसाळ्यात..." पुढचं टाळ्यांत बुडालं. प्रश्नांची वेळ आली तरी त्या उठेनात. मग मीच हात वर केला आणि अर्धवट ऐकलेलं ठोकून दिलं, "सर, पावसाळ्यात लोक गोळ्यांना घाबरतात का?"

लोक हसले. माझे कान तापले. तोच शकुनबाईंनी माझ्या हातातला माईक घेतला.

"भीत नाईत, साहेब. नाल्याले पूर आला का रस्ता बंद. गोळी येनार कुठून? पावसाआधीच चार महिन्यांची द्या ना!"

डॉक्टर पायऱ्या उतरून आमच्या रांगेपाशी आले. "हे मी कधी विचारलंच नव्हतं," म्हणाले, आणि उभ्याउभ्याच शकुनबाईंकडून पुरात तुटणाऱ्या गावांची नावं लिहून घेऊ लागले. एवढा मोठा माणूस, पण "पुन्हा सांगा" म्हणायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी शकुनबाईंनी मला सोबत नेलं. आलापल्लीनंतर दोन्ही बाजूंना नुसता साग. एटापल्लीपुढे एका मासेमाराच्या घरी आम्ही उतरलो. त्याच्या मुलीला हाच आजार. बोडीतल्या (लहान तलावातल्या) माशांचा झणझणीत रस्सा आणि नव्या तांदळाचा भात त्याने आग्रहाने वाढला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागल्यावर मुलगी खुदकन हसली.

"बाई, मिटिंगमंदी आमचं सांगतलं का?" बापाने विचारलं.

"सांगतलं. साहेबानं लिहून घेतलं. जूनच्या आत गोळ्या आल्या नाईत, त मी पुन्हा जातो."

त्याने शकुनबाईंच्या ताटात माशाचा आणखी एक तुकडा वाढला.

परतल्यावर वर्गातल्या मुली विचारत होत्या, पहिल्याच वर्षी अशा परिषदेला जाऊन काय मिळतं? मी म्हटलं, जा. निम्म्याहून अधिक समजणार नाही, ते पुढे समजेल. मी भर सभेत चुकले आणि ज्यांना ठाऊक होतं त्या शकुनबाईंनी मला दुरुस्त केलं. त्याच मिनिटाला त्यांनी त्या डॉक्टरांनाही दुरुस्त केलं होतं, आणि डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं होतं. मला तशी डॉक्टर व्हायचंय.