न वाचलेल्या कागदावरचा अंगठा

मी आज जिवंत आहे तो ड्रेसरमामांमुळे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ते जखमा धुवायचे, पट्ट्या बांधायचे. दुखरा कान घेऊन कोणी आला की आधी खेकसायचे, "कान हाय का समई? किती तेल वतलं?" असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, शिव्या देत देत जखमेवर फुंकर घालणारा.

मी नऊ वर्षांचा असताना माझा डावा कान महिनाभर वाहत होता. एका सकाळी तो सुकला. आईने देवापुढे नारळ फोडला. दोन दिवसांनी कानामागे लिंबाएवढी गाठ आली आणि ताप चढला.

मामांनी गाठीला बोट लावताच मी किंचाळलो.

"कान कवा सुकला?"

"परवा. बरा झाला म्हनून नारळ फोडला की," वडील म्हणाले.

"पू आत वळला, अन् तुमी नारळ फोडायलाव? हाडात गेलाय. उद्या मेंदूत जाईल."

डॉक्टरसाहेब खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "थेंब घाला, आठवड्याने आणा." मामांनी गाठ पुन्हा दाखवली. साहेब म्हणाले, "ड्रेसर आहेस, ड्रेसरच राहा."

मामांनी रजा मागितली नाही. आम्हाला घेऊन थेट हैदराबादच्या गाडीत बसले. तिथल्या मोठ्या दवाखान्यात कानामागचं हाड छिन्नीने कोरून पू काढला. आणखी एक दिवस गेला असता तर पोर हाती लागलं नसतं, असं सर्जन म्हणाले. वडील रडू लागले. मामा डाफरले, "रडायलाव कशाला? जावा, चहा आना."

आम्ही परतल्यावर दवाखान्याचा चपराशी घरी आला. हातात उर्दू कागद; तेव्हा सरकारी कारभार उर्दूतच चालायचा. "पोरगं बरं झालं, तेवढं लिवलंय." वडिलांनी अंगठा दिला, मिळालेली नक्कल पेटीत ठेवली, वर त्याला ताक पाजलं. महिन्याभरात मामांची नोकरी गेली आणि ते गंगाखेडला निघून गेले. 'तोंडाचा लय फटकळ होता,' एवढं म्हणून गाव मोकळं झालं.

परभणीच्या शाळेत उर्दू शिकलो तेव्हा पेटीतली त्या कागदाची नक्कल वाचली. 'ड्रेसरने धमकावून, आमच्या मर्जीविरुद्ध मुलाला नेले.' ती मी वडिलांना वाचून दाखवली. ते दोन दिवस जेवले नाहीत. साहेबांवरचा, चपराशावरचा आणि गप्प बसलेल्या गावावरचा माझा संताप अजून उतरलेला नाही.

बी. ए. झालो त्या दिवशी मामांना गंगाखेडला पत्र टाकलं.

"तीर्थस्वरूप मामांस शिरसाष्टांग नमस्कार. पास झालो. डाव्या कानाने ऐकू येत नाही, बाकी ठीक. त्या कागदावरचा अंगठा वडिलांचा आहे, शब्द त्यांचे नाहीत. हे त्यांना स्वतः सांगायचं आहे, पण तुमच्यासमोर यायला ते भितात. सोमवारी मी त्यांना घेऊन येतो. काय ओरडायचं ते ओरडा, ते ऐकून घेतील. फक्त दारातून परत पाठवू नका."