संसदेचं नाणं आणि मांदेलीचे वाटे

चहा राहू दे जरा, आधी माझा पराक्रम ऐका! फजिती म्हणणारे म्हणोत बापडे. मी जिंकलो होतो, एवढं लक्षात ठेवा.

तर मला नाण्यांचा नाद. मोहरा-बिहरा नव्हेत हो! आपल्याच खिशात खुळखुळणारी, पण देशाच्या कारभारातल्या एखाद्या मोठ्या प्रसंगाची आठवण म्हणून काढलेली. स्वातंत्र्याच्या पन्नाशीचे पन्नास पैसे आहेत, सर्वोच्च न्यायालयाच्या पन्नाशीचे दोन रुपये आहेत, अमृत महोत्सवाची तर अख्खी मालिका आहे. नव्हतं फक्त एक. संसदेला साठ वर्षं झाली तेव्हाचं दहाचं. आणि दुसऱ्या दिवशी सव्वीस जानेवारी, नेरूळच्या आमच्या सोसायटीत माझ्या संग्रहाचं प्रदर्शन! अल्बमच्या मधोमध रिकामा कप्पा. झोप उडाली होती माझी.

पंचवीस तारखेच्या सकाळी पंख्याचा एक भाग आणायला घणसोली गावात गेलो. कोपऱ्यावर एक मावशी नुकतीच मासे मांडून बसली होती. पहिल्या गिऱ्हाइकाने तिच्या हातावर नाणं ठेवलं, आणि मी जागच्या जागी थिजलो. संसद भवन! त्याचे खांब मी रस्त्यापलीकडून मोजले. खोटं वाटतं? आपला डोळाच तसा आहे.

मावशीने नाणं कपाळाला लावलं आणि कमरेच्या पिशवीत टाकलं.

आता सरळ मागावं की नाही? छे! हवी ती वस्तू हवी आहे असं दाखवलं की भाव वाढतो, हे आम्ही नाणेवाले पक्के जाणून असतो. मी ठरवलं, खरेदी करायची. सुट्यात नाणं आपसूक येईल.

अडचण एकच. आम्ही शुद्ध शाकाहारी. चातुर्मासात आमच्या दारातून कांदासुद्धा परत जातो!

"मावशी, हा वाटा कितीला?"

"मांदेली हाय. नव्वद."

मी शंभराची नोट दिली. तिने दहाची नोट परत केली. फाटकी.

"अजून एक द्या."

"सुटं नाय रं दादा," म्हणत तिने दहाच्या बदली मूठभर मांदेली वर टाकली. तिसऱ्या वाट्यालाही तेच. चौथ्याला तिने माझ्याकडे निरखून पाहिलं.

"घरात पावनं आलेत काय रं?"

"हो, बरेच."

"मंग कोलंबी पन घे!"

घेतली. काय करता? पिशवी फुगली, पाकीट बसलं. शेवटी माझाच धीर सुटला.

"मावशी, ते मघाचं कपाळाला लावलेलं नाणं द्याल का?"

"त्यो? त्यो भवानीचा हाय, पयल्या गिऱ्हाइकाचा. त्यो मी कोनाला देत नाय."

माझं तोंड इतकं उतरलं की तिलाच दया आली असावी. "तुला कशाला पायजे?"

मग सगळं सांगितलं. अल्बम, प्रदर्शन, रिकामा कप्पा. मावशी हसता हसता मागे रेलली.

"आरं, मंग पयलंच बोलायचं ना! ही दहाची नानी बाजारात कोन घेतच नाय. खोटी हाईत बोलतान."

तिने फळीखालून पत्र्याचा डबा काढला. गच्च भरलेला! मी तिथेच उकिडवा बसलो. त्यात संसद भवनं तीन! एक तर असं चकचकीत, की जणू कालच टांकसाळीतून आलंय.

"घे कंचा पन. दहा दे."

मी पाकीट उघडलं. ठणठणपाळ! ती फाटकी नोटही कोलंबीत गेलेली, आणि मोबाइल घरी चार्जिंगला.

"ऱ्हाऊ दे रं," मावशी म्हणाली, "इतका म्हावरा घेतलास, ह्यो माज्याकरना फुकट."

काय आनंद झाला म्हणून सांगू! स्कूटरवरून गड जिंकल्यासारखा घरी आलो आणि दारातूनच ओरडलो, "मिळालं! आणि एक पैसाही न मोजता!"

बायकोने नाणं पाहिलं. मग नाकाला पदर लावून माझ्या हातातल्या गळक्या पिशवीकडे बोट केलं. "आणि हे काय आहे?"

"हे होय?" मी म्हणालो, "सुटे पैसे."