सुशीलावहिनींचं हळदीकुंकू

सुशीलावहिनींचे यजमान खाणीवरच्या ट्रकवर लागले, म्हणून त्या दोडामार्गाकडचं गाव सोडून डिचोलीत आमच्या शेजारी आल्या. लेक लग्न होऊन गेलेली, नवरा दिवसभर बाहेर. एवढ्या मोठ्या दिवसाचं त्या एकट्या काय करत असतील, हे मला कधी सुचलंच नाही.

आमच्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, बाया सगळ्या नोकरीवाल्या. विमला आणि मी गोळ्या-औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला, जानकी बेकरीत. शिवाय प्रत्येकीच्या पदरी लहान पोर. वहिनी फाटकात दिसल्या की हसायचं आणि बस पकडायला पळायचं, एवढीच ओळख.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी वहिनींनी हळदीकुंकू ठेवलं, दुपारी चार वाजता. त्यांच्या गावात चारला सगळ्या बाया मोकळ्या असत. इथे त्या वेळी एकही बाई घरात नसते. त्यांनी रांगोळी घातली, लाडू वळले, चटया अंथरल्या. कोणी फिरकलं नाही.

दुसरी कोणी असती तर आमच्याशी बोलणं टाकलं असतं. मी तर नक्कीच टाकलं असतं. वहिनी दुसऱ्या दिवशी सकाळी ताट घेऊन थेट नाक्यावर आल्या. "तुमका येवक जमाक नाय, म्हणान मीच इलंय." कंपनीची बस आली तर त्या बसमध्येच चढल्या आणि सगळ्यांना हळदीकुंकू लावून वाण म्हणून एकेक चहाची गाळणी दिली. ड्रायव्हर कृष्णनाथ कपाळाला हात लावून बसला होता, त्याच्याही हातावर लाडू ठेवला.

त्यानंतर आमची मैत्री झाली. म्हणजे आमच्या पद्धतीची झाली. महिन्याभरात माझी तनया शाळेतून त्यांच्याकडे जाऊ लागली, पाठोपाठ विमलाचा गौरेशही. संध्याकाळी बसमधून उतरायचं, फाटकातूनच हाक मारायची, पोर घ्यायचं आणि चालू पडायचं. चपला काढायचा प्रश्नच नव्हता.

एके दिवशी हाक मारली तर तनया आलीच नाही. वहिनी बाहेर आल्या, चेहरा उतरलेला.

"पोरांचो माका त्रास नाय गे," त्या म्हणाल्या. "पण माका बोलाक मैत्रीण व्हयी होती. तुमी माझा पाळणाघर केलास. चपला काढ आणि आत ये."

मला रागच आला. घरी भात टाकायचा होता, युनिफॉर्म धुवायचा होता. तरी गेले. त्यांनी चहा पुढे ठेवला आणि समोर बसल्या.

"आज दुपारी काय जेवलंस?"

तनयाच्या डब्यात काय होतं ते मला ठाऊक होतं, नवऱ्याच्याही. स्वतःचं काही केल्या आठवेना. कित्येक दिवसांत मला कोणी हे विचारलंच नव्हतं. डोळे भरून आले, आणि मग मी बोलतच सुटले. सुपरवायझर, सासूबाई, पाठीचं दुखणं, सगळं. त्यांनी लेकीचं सांगितलं. ती फोन करते, पण घाईत.

खेळून कंटाळलेली तनया माझा पदर ओढायला लागली, "आई, चल ना घरी."

"थांब गे जरा," मी म्हटलं, "आम्ही बोलतोय."